आठाची गाठ

खानापूर सोडलं तेव्हा पाच वाजले होते.
टपावर साठ मीटरचे दोन दोर, सहा हेल्मेटं
आणि शमुवेलमामांची पेटी,
जिचा मधला सा दोन वर्षं मुका आहे.
मागच्या सीटवर पत्रकांचं खोकं, खोक्याला टेकून रिबेका,
झोपलेली, कमरेला हार्नेस घालूनच.
म्हणे, तिथं गेल्यावर वेळ जातो.

मी प्रार्थना सोडून सहा वर्षं झाली.
मामांना ठाऊक आहे. त्यांनी एवढंच विचारलं होतं,
दोर कोण धरणार?

अंकलगीच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन ट्रॉल्या.
ओव्हरटेक करताना मामा स्तोत्राची अर्धी ओळ म्हणतात,
उरलेली, ट्रॉली संपल्यावर.
मैलाच्या दगडांवर कानडी. मला फक्त आकडे वाचता येतात.
म्हणजे किती राहिलं ते कळतं,
कुठलं, ते नाही.

कडा घटप्रभेच्या घळीत. जानेवारीत नदी
खडकाच्या एका खाचेत मावते.
तांबूस दगड, मांजराच्या जिभेसारखा खरखरीत.
मागच्या वाटेनं वर जाऊन दोर बांधून आले तोवर
खाली पोरं जमली होती, मग बाया,
मग एका मोटरसायकलवर दोघं,
गॉगल न काढता विचारणारे:
काय वाटताय इथं?
मामा म्हणाले, सध्या हेल्मेटं.

खोटं नव्हतं ते.
खोकं उघडलं तर पत्रकं सगळी मराठी,
आणि गाव अख्खं कानडी.
रिबेका हसत हसत खालीच बसली.

पहिली पुढे आली निंगव्वा. नऊ वर्षांची,
फ्रॉकखाली भावाची पँट.
तिच्या कमरेशी मी आठाची गाठ मारली.
तिचा आजा भरमाप्पा मेंढरं सोडून आला,
गाठ दोनदा हिसडून पाहिली,
बाजूला थुंकला, आणि काही बोलला नाही.

खारीसारखी गेली. तीस फुटांवर खाली पाहिलं
आणि दगडाला चिकटली.
रडण्याचा आवाज नाही, फक्त टाचा थरथरताना दिसत होत्या.

सोड, मी ओरडले, हात सोड, मी धरलंय!
मामांनी तेच चर्चमधल्या कानडीत सांगितलं,
पुस्तकी, प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेली.
आणि अख्खा गाव खालून एका सुरात:
कै बिडब्याड! कै बिडब्याड!
हात सोडू नको.

त्यांचं काय चुकलं?
कड्यावर लटकलेल्या पोरीला
जगातलं कुठलं गाव म्हणेल की सोड?
दोर मला माहीत होता. किती वजन पेलतो,
तो आकडासुद्धा. त्यांना दिसत होती
परगावची एक बाई, हातात निळी दोरी.

भरमाप्पा माझ्या मागे येऊन उभा राहिला.
घोंगडं खाली टाकलं. माझ्या मुठीमागे
दोराला दोन्ही हात घातले,
त्याला मेंढरांचा आणि तंबाखूचा वास होता,
आणि वर न बघताच म्हणाला,
अगदी हळू, घरात बोलल्यासारखं:
बिडव्वा.

तिनं सोडलं.

दोर ताणला. आम्ही दोघं एक पाऊल पुढे ओढले गेलो.
ती अधांतरी फिरली, गुडघा खरचटला,
आणि मग खाली येताना
वेड्यासारखी हसत होती.

नंतर मामांनी पेटी काढली, मुका सा टाळून वाजवली,
शब्द म्हटले नाहीत. गॉगलवाल्यांतला एक जण
हेल्मेट घालून आरशात बघत होता.
भरमाप्पानं दोराची किंमत विचारली.
सांगितली. तो म्हणाला, मामांनी उलथून सांगितलं,
एवढ्यात एक बकरं येतं, आणि ते पिल्लंही देतं.

अंधारात परतताना रिबेका जागी होती, मामा गप्प.
खोकं होतं तसंच.
मांडीवर दोर घेतला तर त्याच्या टोकाला
एक गाठ होती, माझी नव्हे.
कधी मारली म्हाताऱ्यानं कोण जाणे.
बेळगावपर्यंत नखांनी सोडवत होते,
कुंदा घ्यायचाही राहिला.

सुटली नाही.
तिथून पुढे मी प्रयत्नही केला नाही.